कानात तेल घालण्याआधी: कानदुखीच्या उपचारांचा इतिहास



पावसाळा सुरू झाला, की आपल्या परभणीकडच्या कोणत्याही दवाखान्यात कानाचे रुग्ण वाढतात. कुणाच्या लेकराला सर्दीनंतर रात्री अचानक ठणका लागलेला असतो, कुणाच्या कानात खाज आणि बुरशी असते, तर कुणाचा कान वर्षानुवर्षे वाहत असतो. तक्रारी वेगवेगळ्या असतात, पण सोबत आलेली आई किंवा आजी एक वाक्य हमखास सांगते, "लसूण टाकून तेल कडवलं आणि कोमट करून कानात घातलं, डॉक्टर." आणि लगेच विचारते, "घातलं तर चालतं ना?"

या प्रश्नाला नुसते "नाही" म्हटले तर कुणाला पटत नाही, आणि पटू नये हे बरोबरच आहे. कारण आजीच्या आजीनेही तेच केले होते आणि बऱ्याचदा त्याने बरे वाटले होते. मग ते बरे कसे वाटले? आणि आजचे डॉक्टर नको का म्हणतात? याचे उत्तर कानाच्या उपचारांच्या इतिहासात सापडते. आज तो इतिहास थोडक्यात पाहू, आणि शेवटी घरी नेमके काय करायचे तेही सांगतो.

आधी कानाची रचना

कानाचे तीन भाग असतात. बाहेरून दिसणारे भोक आणि त्यापुढची साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची नळी म्हणजे बाह्यकर्ण. या नळीच्या टोकाला पडदा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच असते. पडद्याच्या मागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते, तो मध्यकर्ण. त्यात तीन चिमुकली हाडे असतात. त्याच्याही आत अंतःकर्ण, म्हणजे ऐकण्याचे आणि तोल सांभाळण्याचे यंत्र.

मध्यकर्णातून एक बारीक नळी निघते आणि ती नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते. त्यामुळे सर्दी झाली की नाकातले जंतू सहज कानापर्यंत पोचतात, नळी सुजून बंद होते, मागे पू साठतो आणि पडद्यावर दाब येतो. हाच तो रात्रीचा ठणका. दाब फार वाढला तर पडद्याला छिद्र पडते, पू बाहेर येतो आणि ठणका थांबतो. यालाच आपण "कान फुटला" म्हणतो.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. पडदा शाबूत असेल तर बाहेरून घातलेले तेल पडद्यापाशीच थांबते, पू असतो तिथे ते पोचत नाही. पडदा फाटलेला असेल तर मात्र ते थेट आत जाते. पुढचा सगळा इतिहास या एका पडद्याभोवती फिरतो.

सुश्रुतांनी काय सांगितले होते

आपल्याकडे कानाच्या रोगांचा पहिला सविस्तर विचार सुश्रुतसंहितेत दिसतो. तिच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग सांगितले आहेत. कानदुखी म्हणजे कर्णशूल, कान वाहणे म्हणजे कर्णस्राव, दुर्गंधी येणारा कान म्हणजे पूतिकर्ण, कानात आवाज येणे म्हणजे कर्णनाद, बहिरेपण म्हणजे बाधिर्य, शिवाय कानात मळ साठणे, किडा शिरणे असे वेगवेगळे प्रकार केलेले आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या ग्रंथात इतके बारकाईने वर्गीकरण असावे, ही लहान गोष्ट नाही.

कानदुखीसाठी त्यात जी औषधे आहेत, ती वाचून तुम्हाला आपलेच स्वयंपाकघर आणि परसदार आठवेल. लसूण, आले, शेवगा, मुळा, केळ यांचे रस कोमट करून कानात घालणे, औषधी तेल घालणे, रुईचे कोंब भाजून त्यांचा रस पिळणे. शनिवारी ज्या रुईच्या पानांची माळ आपण मारुतीला घालतो, तीच रुई. रुईच्या पानाला तूप लावून, निखाऱ्यावर धरून त्याचा रस कानात घालण्याचा उपाय आजही खेडोपाडी केला जातो. म्हणजे आजीचा उपाय हवेतून आलेला नाही. त्याच्या मागे ग्रंथ आहे.

पण त्याच ग्रंथात पुढे कान वाहण्याचा, म्हणजे फुटलेल्या कानाचा उपचार वेगळा सांगितला आहे. तिथे नुसते तेल नाही. कान औषधी काढ्याने धुणे, आतला स्राव पुसून काढणे, गुग्गुळासारख्या द्रव्यांची धुरी देणे, नाकावाटे कफ काढणे आणि मग गरजेप्रमाणे औषध घालणे, असा क्रम आहे. आणि हे सगळे रुग्णाची पुन्हापुन्हा नीट परीक्षा करून ठरवावे, अशी स्पष्ट सूचना आहे.

माझ्या मते आपल्या परंपरेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती. दुखणारा कान वेगळा, वाहणारा कान वेगळा. वाहणारा कान आधी स्वच्छ आणि कोरडा करायचा. आणि काहीही करण्याआधी पाहायचे. पिढ्यान् पिढ्या हा उपचार तोंडी पुढे जात राहिला, तेव्हा त्यातले तेल आणि लसूण तेवढे घरात उरले. पुसणे आणि पाहणे मागे पडले.

हकीम, वैद्य आणि कानातला मळ काढणारे

आपला जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथे वैद्यांच्या जोडीने हकिमांची युनानी परंपराही रुजली. हैदराबादेत चारमिनारजवळ निजामाच्या काळात उभे राहिलेले युनानी रुग्णालय आजही चालू आहे. युनानी उपचारांतही कानदुखीला कोमट तेलच होते. कडू बदामाचे तेल त्यासाठी विशेष वापरले जाई. वैद्य असो वा हकीम, दोघांच्या हातात तेलाची बाटली होती आणि दोघांची अडचणही एकच होती. कानाच्या आत, अंधारात, पडद्याची काय अवस्था आहे हे त्यांना दिसत नव्हते.

तिसरी मंडळी म्हणजे कानातला मळ काढून देणारे. डोक्याला लाल पागोटे किंवा टोपी, कानाशी खोचलेली कापसाची काडी, हातात कानकोरणे आणि छोट्या बाटल्या. यात्रेत, बाजारात, स्टेशनवर तुम्हीही त्यांना पाहिले असेल. कान सूर्याकडे करून ते बाहेरचा मळ सफाईने काढत. पण सूर्याचा उजेड वाकड्या नळीच्या टोकापर्यंत पोचेलच असे नाही. कोरणे थोडे आत गेले की पडद्याला इजा व्हायची, आणि एकाच कोरण्याने अनेकांचे कान साफ केल्यामुळे संसर्ग इकडून तिकडे जायचा.

पडदा दिसू लागला

युरोपातही फार काळ परिस्थिती वेगळी नव्हती. सोळाव्या शतकात इटलीतल्या बार्तोलोमेओ युस्ताकी या शरीरशास्त्रज्ञाने कानातून घशाकडे जाणाऱ्या नळीचे नीट वर्णन केले. म्हणूनच तिला युस्टेशियन नळी म्हणतात. पण कानाचा आजार नाकाकडून येतो, हे उपचारात उतरायला आणखी काही शतके लागली.

1801 मध्ये लंडनच्या अ‍ॅस्टली कूपर यांनी बहिरेपणाच्या काही रुग्णांच्या पडद्याला मुद्दाम बारीक छिद्र पाडले आणि त्यांना ऐकू येऊ लागले. या कामासाठी त्यांना रॉयल सोसायटीचे कोपले पदक मिळाले. पडद्याला छिद्र पाडून मागचा दाब कमी करण्याचा हा उपाय आजही काही मुलांमध्ये करावा लागतो.

खरा बदल झाला तो उजेडामुळे. 1841 मध्ये फ्रिड्रिश हॉफमन या जर्मन डॉक्टरने मध्यभागी भोक असलेल्या आरशाने उजेड कानात परावर्तित केला. 1850 नंतर फॉन ट्रोल्च यांनी ही पद्धत प्रचारात आणली. जुन्या सिनेमांतल्या डॉक्टरांच्या कपाळावर जो गोल आरसा दिसतो, तो हाच. आरशाच्या भोकातून एका डोळ्याने पाहायचे, आणि आरशावर पडलेला उजेड कानात जायचा. आता पडदा लाल आहे, फुगला आहे, फाटला आहे की अगदी निरोगी आहे, हे जिवंत रुग्णात दिसू लागले.

आज आम्ही बॅटरीवरचे जे ऑटोस्कोप वापरतो ते याच आरशाचे सोपे रूप आहे. त्याने पडदा पाहायला अर्धे मिनिट लागते. पण त्या अर्ध्या मिनिटाने पुढचा सगळा उपचार ठरतो.

कानामागचे हाड आणि मेंदूची भीती

"कानच तर वाहतोय, त्याने काय होतंय?" असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांना हा भाग मुद्दाम वाचायला सांगतो.

कानाच्या मागे हाताला जे टणक हाड लागते ते आतून भरीव नसते. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या हवेच्या कप्प्यांचे असते आणि मध्यकर्णाला जोडलेले असते. मध्यकर्ण आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा एक पातळ पापुद्रा असतो. पू या हाडात शिरला, तर कानामागे सूज येते, कान पुढे ढकलल्यासारखा दिसतो. तो आणखी आत गेला तर मेंदूच्या आवरणांचा दाह होतो किंवा मेंदूत गळू होतो. अँटिबायोटिक नव्हते त्या काळात कानातून मृत्यूपर्यंत जाण्याची ही वाट डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची होती.

अठराव्या शतकात फ्रान्समधल्या झाँ-लुई पेती यांनी हे हाड उघडून पू काढण्याची शस्त्रक्रिया केली. पण 1791 मध्ये डेन्मार्कच्या राजदरबारातले डॉक्टर फॉन बर्गर यांच्यावर ऐकू यावे म्हणून ही शस्त्रक्रिया झाली आणि त्यात संसर्ग होऊन ते गेले. या एका मृत्यूचा इतका धसका बसला, की पुढची कित्येक दशके कुणी त्या हाडाला हात लावायला धजेना. अखेर 1873 मध्ये जर्मनीतल्या हॅले गावचे हेर्मान श्वार्ट्झ यांनी ती शस्त्रक्रिया केव्हा करायची आणि कशी करायची याचे शास्त्र मांडले, आणि ती पुन्हा सुरू झाली.

या काळातली एक चटका लावणारी गोष्ट आहे. डब्लिनचे सर विल्यम वाइल्ड हे त्या काळातले नामांकित कर्णतज्ज्ञ. 1853 मध्ये त्यांनी कानाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. कानामागचा पू काढण्यासाठी घ्यायच्या छेदाला त्यांचेच नाव आहे. त्यांचा मुलगा म्हणजे प्रसिद्ध लेखक ऑस्कर वाइल्ड. वडील गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, ऑक्टोबर 1900 मध्ये, पॅरिसमध्ये ऑस्करच्या कानावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि 30 नोव्हेंबरला वयाच्या 46 व्या वर्षी तो वारला. कानातला जुना संसर्ग मेंदूच्या आवरणांपर्यंत पोचला होता, असे बहुतेक वैद्यकीय अभ्यासक मानतात. कर्णतज्ज्ञाच्या घरात जन्मलेल्या माणसाचीही त्या काळात या आजारातून सुटका झाली नाही, कारण आतल्या जंतूंवर औषधच नव्हते.

पिंपरीचे पेनिसिलीन

ते औषध आले विसाव्या शतकात. 1935 मध्ये जर्मनीच्या गेर्हार्ड डोमाक यांनी सल्फा गटातले पहिले औषध जगापुढे आणले. 1928 मध्ये फ्लेमिंग यांना सापडलेले पेनिसिलीन फ्लोरी आणि चेन यांनी 1940 नंतर प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत आणले. पाश्चात्त्य रुग्णालयांत कानामागचे हाड उघडण्याच्या शस्त्रक्रिया काही वर्षांतच झपाट्याने कमी झाल्या.

भारतात मात्र सुरुवातीला हे औषध आयात करावे लागे. म्हणून स्वतंत्र भारताच्या सरकारने 1954 मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेची त्याला मदत होती. 1955 मध्ये तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. आपल्या महाराष्ट्राच्या मातीतच हे घडले. तिथल्याच शास्त्रज्ञांनी पुढे बुरशीवर चालणारे हॅमायसिन हे औषध शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे.

औषध तयार होणे आणि ते सेलू, जिंतूर किंवा गंगाखेडच्या खेड्यापर्यंत पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी. मराठवाड्यात पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला 1956 मध्ये निघाले. अंबाजोगाईचे 1974 मध्ये, नांदेडचे 1988 मध्ये. परभणीला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते 2023 मध्ये. मधल्या काळात दोन-तीन पिढ्या कानदुखीला घरच्या तेलावरच विसंबून राहिल्या. त्यांना अडाणी म्हणण्याआधी हे अंतर लक्षात घ्यायला हवे.

सुरुवातीचे पेनिसिलीन इंजेक्शनने द्यावे लागे. 1961 मध्ये अँपिसिलीन आणि 1972 मध्ये अ‍ॅमॉक्सिसिलीन आले. आता मुलांना गोड पातळ औषध तोंडाने देता येऊ लागले. कानाचा उपचार सोपा झाला. थोडा जास्तच सोपा झाला.

प्रत्येक कानदुखीला अँटिबायोटिक लागते का?

कान दुखला की अँटिबायोटिक, ही सवय जगभर लागली. मग नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी वेगळा विचार केला. 1981 मध्ये तिथल्या एका अभ्यासात दिसले, की बरीच मुले अँटिबायोटिक न देताही बरी होतात. 1990 च्या सुमारास तिथल्या फॅमिली डॉक्टरांनी नियमच केला: साध्या कानदुखीत आधी वेदनाशामक द्यायचे आणि लक्ष ठेवायचे. 2004 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही निवडक मुलांसाठी हा मार्ग मान्य केला.

पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा आकडा मिळाला. मध्यकर्णाच्या तीव्र संसर्गात 100 पैकी सुमारे 60 मुलांचे दुखणे 24 तासांत थांबते, मग अँटिबायोटिक द्या अथवा न द्या.

आता आजीच्या लसणाच्या तेलाकडे पुन्हा पाहा. रात्री तेल घातले, सकाळी ठणका थांबला, श्रेय तेलाला मिळाले. 100 पैकी 60 वेळा असा अनुभव आला तर कुणाचाही विश्वास बसेल. शिवाय कोमट उबेने वेदना थोडी कमी होते, हे खरेच आहे. आजी खोटे सांगत नाही. फक्त बरे करणारे बहुतेक वेळा तेल नसते, शरीर असते. आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या अँटिबायोटिकलाही अनेकदा असेच फुकटचे श्रेय मिळते. फरक इतकाच, की अशा वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

याचा अर्थ अँटिबायोटिक कधीच नको असा नाही. सहा महिन्यांखालचे बाळ, दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान, जास्त ताप, तीव्र वेदना, वाहणारा कान किंवा दोन दिवसांत उतार न पडणे, अशा वेळी ते लागते. आणि ते सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेले दिवस पूर्ण घ्यायचे असते.

फुटलेला कान: विसरलेली वात

उरलेल्या मुलांचे काय? काहींचा पडदा फाटतो. बहुतेक वेळा तो काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. पण तेवढ्यात त्यात तेल, विहिरीचे पाणी, पानांचा रस गेला तर संसर्ग मुरतो आणि कान महिनोन् महिने वाहतो. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या जुनाट वाहत्या कानावर अहवाल काढला. त्यात भारताची गणना 4 टक्क्यांहून जास्त प्रमाण असलेल्या, म्हणजे सर्वांत वरच्या गटात होती. हे मूल वर्गात मागे पडते, हाक मारली तर लक्ष देत नाही, त्याला आळशी किंवा मठ्ठ म्हटले जाते. खरे तर त्याला नीट ऐकूच येत नसते.

अशा कानासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी खेड्यातल्या आरोग्य केंद्रांसाठी जो उपचार सांगितला, त्याची पहिली पायरी काय आहे माहीत आहे? स्वच्छ वात करून कान कोरडा करणे. दिवसातून किमान तीन वेळा. त्यानंतर डॉक्टरांनी दिलेले अँटिबायोटिक थेंब, साधारण दोन आठवडे. थेंब ओल्या पुवर पडले तर वाहून जातात, कोरड्या कानात टिकतात. स्राव पुसून काढण्याची जी पायरी सुश्रुतांनी सांगितली होती, तीच ही.

आपण कापसाच्या मुलखातले लोक. देवापुढच्या वाती घरोघरी वळल्या जातात. पण एक काळजी घ्या: कानासाठी बोंडातला कच्चा कापूस वापरू नका. त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे तो ओल नीट शोषत नाही, आणि त्याचे तंतू कानात राहतात. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कापसातून हे मेण काढलेले असते. तो किंवा स्वच्छ धुतलेले मऊ सुती कापड वापरा. वात हळूच आत ठेवायची, ओली झाली की काढून टाकायची, नवी घ्यायची, वात कोरडी निघेपर्यंत. काडीला कापूस गुंडाळून आत टोचायचे नाही. कानात बोळा कोंबूनही ठेवायचा नाही, त्याने पू आत अडतो.

पडदा भरून आलाच नाही तर शस्त्रक्रिया आहे. 1950 च्या दशकात जर्मनीतल्या वुलस्टाइन आणि झोलनर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पडदा दुरुस्त करण्याच्या पद्धती रूढ केल्या. आज रुग्णाच्या कानामागच्याच स्नायूवरचे पातळ आवरण घेऊन नवा पडदा बसवतात. त्यासाठी आता पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

अंगणवाडी आणि शाळेत मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. कान वाहणे त्याच्या यादीत आहे. पथक शाळेत येईल तेव्हा मुलाचा कान आवर्जून दाखवा. आणि लसी चुकवू नका. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी न्यूमोकोकल लस न्यूमोनियासाठी महत्त्वाची आहेच, शिवाय कानाचे काही संसर्गही टाळते.

घरी काय करावे

- कान दुखू लागला तर पॅरासिटामॉल द्या, मुलाच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.
- उबेने बरे वाटते. कोमट, कोरड्या कापडाने कानाच्या बाहेरून शेक द्या. चटका बसणार नाही याची खात्री करा.
- सर्दी असेल तर नाक मोकळे ठेवा. नाक जोरात शिंकरायला लावू नका.
- तान्ह्या बाळाला आडवे झोपवून बाटलीने दूध पाजू नका. अंगावर पाजणे उत्तम. घरात बिडी-सिगारेट नको.
- कान वाहत असेल तर वरीलप्रमाणे वातीने कोरडा करा. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी धरा आणि नंतर काढा. विहिरीत, नदीत पोहणे बंद.

काय करू नये

- पडदा तपासल्याशिवाय तेल, लसूण, कांद्याचा रस, दूध, हायड्रोजन पेरॉक्साइड, काहीही घालू नका. रुईचा चीक तर अजिबात नको. तो डोळ्यालाही घातक आहे.
- शेजाऱ्याचे किंवा मागच्या वर्षीचे थेंब वापरू नका. मळ विरघळवणारे थेंब फाटलेल्या पडद्यात आग करतात, आणि काही जुने अँटिबायोटिक थेंब आत गेले तर ऐकण्याची नस दुखावू शकतात.
- काडेपेटीची काडी, केसांची पिन, कानकोरणे कानात घालू नका. मळ बहुतेक वेळा आपोआप बाहेर येतो.

लगेच डॉक्टरांकडे कधी जावे

- कानामागे सूज, लाली, किंवा कान पुढे ढकललेला दिसणे
- तोंड एका बाजूला वाकडे होणे, चक्कर, तोल जाणे
- तीव्र डोकेदुखी, उलट्या, मान आखडणे, गुंगी, झटका
- वाहत्या कानाला घाण वास किंवा रक्त येणे
- सहा महिन्यांखालच्या बाळाला ताप आणि सतत रडणे
- मधुमेह असलेल्या मोठ्या माणसाला कानात असह्य ठणका
- दोन आठवड्यांहून जास्त कान वाहणे किंवा ऐकू कमी येणे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. तेल घातले तर चालते का? पडदा शाबूत असेल आणि तेल कोमट, स्वच्छ असेल तर सहसा मोठे नुकसान होत नाही, पण पडद्यामागचा पू त्याने बरा होत नाही. पडदा फाटला असेल तर नुकसान नक्की होते. पावसाळ्यात ओलसर, तेलकट कानात बुरशीही धरते. आणि पडदा शाबूत आहे की नाही, हे घरी कुणालाच दिसत नाही. म्हणून आधी कान दाखवा. तपासायला अर्धे मिनिट लागते आणि ते दुखतही नाही. कानात काय घालायचे, की काहीच घालायचे नाही, ते त्यानंतर ठरवू.